भिंत्याची दुरुस्ती

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एक खड्डा होता. पाहुण्यांना तो दिसू नये म्हणून आईनं त्याच्यावर तीन फळ्या, फळ्यांवर सतरंजी आणि पाहुणा जरा बरा असला तर सतरंजीवर चादर असे थर दिले होते. तरी त्यावरून कुणी चाललं की पोकळ आवाज यायचा आणि नवा माणूस दचकून खाली पाहायचा. खड्डा मागाचा होता. नागपुरात, तांडापेठेतल्या आमच्या गल्लीत एके काळी बहुतेक घरांत असा खड्डा होता. विणकर जमिनीवर बसायचा, पाय खड्ड्यात सोडायचा आणि तिथल्या पावड्या आळीपाळीनं दाबायचा. माझ्या लहानपणीच शेजाऱ्यांनी आपापले खड्डे बुजवून वर फरशी बसवली. आमचा माग गल्लीत सगळ्यांत शेवटी निघाला. विणकर संस्थेनं सूत देणं बंद केलं, त्यानंतरही बाबांनी काही महिने तो तसाच उभा ठेवला आणि मग एका रविवारी त्याची लाकडं भंगारवाल्याच्या टेम्पोत स्वतःच्या हातानं रचून दिली. खड्डा मात्र बुजवला नाही. आई दर दिवाळीआधी विचारायची, "औंदा तरी बुजवता का हो? तिथं दिवाण बसन." बाबा म्हणायचे, "पाहू." हे 'पाहू' आमच्या घरात नकार म्हणून चालायचं.

माग गेल्यावर बाबांना रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात लिफ्टमनची नोकरी लागली. सकाळी आठ ते दुपारी चार ते एका स्टुलावर बसून लोकांना वर नेत आणि खाली आणत. करवतकाठी साडीच्या काठावर आरीचे दाते बरोबर मोजून बसवणारा माणूस आता एक ते पाच एवढेच आकडे मोजत होता. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि तेच मला तेव्हा जड जायचं. तक्रार करणाऱ्या माणसाशी निदान बोलता येतं. बाबा घरी येत, पाय धूत, आईनं समोर ठेवलेले तर्रीपोहे खात आणि भिंतीला टेकून बसत. पाच वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेल्या वाक्यांची वही केली असती तर तिची पहिली चार पानंही भरली नसती. माग चालू असताना ते असे नव्हते. तेव्हा पावड्यांच्या आवाजावर आवाज चढवून ते गल्लीतल्या येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करायचे, आणि आई आतून ओरडायची, "हळू बोला ना बाप्पा, लोक काय म्हनतीन!"

मी अकरावीत गेले तेव्हा मामानं त्याच्या कार्यालयातून निघालेला जुना संगणक अभ्यासासाठी आणून दिला. अभ्यासासाठी हा शब्द त्यानं इतक्या वेळा उच्चारला की मलाच संशय यायला लागला. ठेवायला जागा एकच होती, पुढची खोली. खुर्ची-टेबल नव्हतं, म्हणून तो एका चौरंगावर ठेवला आणि मी समोर मांडी घालून बसू लागले. महिन्याभरात टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आलं, आणि त्यातून तो खेळ आला. नाव सांगत नाही, आता ते कुणाच्या उपयोगाचं नाही. एका बाजूला पाच योद्धे, दुसऱ्या बाजूला पाच, आणि दोन्ही बाजूंना राखायला एक-एक दरवाजा. जग दूरचं आणि योद्धे निरनिराळे: कुणी उडायचा, कुणी अदृश्य व्हायचा, कुणाच्या हातून वीज पडायची. माझ्याबरोबर नेमानं खेळणारा एक मुलगा कामठीचा होता, अश्फाक. त्याच्या घरी पॉवरलूम होते आणि खेळताना संगणकातून येणाऱ्या त्याच्या आवाजामागे त्यांचा खडखडाट चालूच असायचा. बाबांनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा विचारलं, "कोन आहे हा?"

"कामठीचा आहे. त्याच्या घरी पॉवरलूम आहे."

बाबा थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "एक माग बिघडलेला आहे त्याच्याकडचा, खटका चुकून राहिला. सांग त्याले."

मी सांगितलं. अश्फाकनं जाऊन पाहिलं, आणि खरंच दुसऱ्या ओळीतल्या एका मागाचा पट्टा सैल झालेला निघाला. त्या दिवसापासून तो बाबांना काकाजी म्हणायला लागला. आमच्या हातमागाच्या धंद्याला कामठीच्या पॉवरलूमनं मारलं असं गल्लीत सगळे म्हणायचे. मेलेल्या धंद्यातला माणूस मारणाऱ्याच्या घरचा पट्टा नीट करून देतो, यात जे काही महान होतं ते बाबांच्या लक्षात आलं नाही, आणि अश्फाकच्याही नाही. दोघांना फक्त तो खटका खटकला होता.

बाबा खेळायला कसे बसले ते सांगते. त्यांना मांडी घालून बसणं जमेना, गुडघे दुखायचे. एका संध्याकाळी त्यांनी सतरंजी गुंडाळली, पुढच्या दोन फळ्या उचलून भिंतीला लावल्या, काठावर बसले आणि पाय खड्ड्यात सोडले. चौरंग पुढे ओढून घेतला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, हातात कणकेचा गोळा तसाच. त्या जागी त्या बसणीत तिनं त्यांना वीस वर्षं पाहिलेलं होतं.

"यातला सगळ्यात सोपा कोनता?" बाबांनी विचारलं.

सोपा म्हणून मी त्यांना जो दिला, त्याला कुणीच घेत नसे. त्याचं मूळ नाव कुठल्याशा थंड देशातलं होतं. आमच्यात त्याला भिंत्या म्हणायचे. अंगानं दांडगा, चालीनं म्हैस, हातात दाराएवढी ढाल. त्याला काम एकच, दरवाजात उभं राहून मार खाणं. ढाल वर, ढाल खाली, दोनच बटणं. पण ढाल उचलून धरायला दम लागायचा, चार-पाच घाव अडवले की दम संपायचा आणि भिंत्या कोसळायचा. म्हणून त्याला कुणी घेत नसे. बाबांनी आठवडाभर तो रोज कोसळवला. मग एके दिवशी तो कोसळेनासा झाला. मी त्यांच्या बोटांकडे पाहत होते आणि मला काही कळत नव्हतं. कळलं ते खाली पाहिल्यावर. पावड्या केव्हाच निघून गेल्या होत्या, तरी बाबांचे पाय खड्ड्याच्या तळावर आळीपाळीनं पडत होते, डावा, उजवा, मध्ये किंचित थांबा, डावा, उजवा. घाव ढालीवर पडल्यावर नेमक्या त्या थांब्यात ढाल खाली करून पुन्हा वर घेतली तर दम खर्चच व्हायचा नाही. जराही आधी किंवा नंतर नाही, बरोबर त्यातच. सूत घेऊन जाणारा धोटा पलीकडे पोचल्यावर आणि तो धागा फणीनं ठोकण्याआधी जेवढा वेळ असतो तेवढाच तो वेळ आहे, असं बाबा म्हणाले. ते असं काही म्हणाले, हीच मुळात बातमी होती.

त्यानंतरचे पाच महिने आमच्या घरात आवाज होता. बाबा पाचला घरी येत आणि सातपर्यंत आम्ही खेळत असू. सातला आईची मालिका लागायची आणि दूरचित्रवाणीपुढे सगळ्या सैन्यांना माघार घ्यावी लागे. एकाच संगणकावर दोघांना खेळता यायचं, बाबांना कळफलकाची दोन बटणं आणि बाकीची मला. बाबा दरवाजात, अश्फाक आणि मी मैदानात. समोरचे पाचही जण दरवाजावर तुटून पडत आणि भिंत्या उभाच्या उभा. बाबांची थट्टा परत आली होती. "ये ना, ये. अजून मार. घरी मायनं जेवाले नाही घातलं का तुले?" हे ते समोरच्या उडणाऱ्या योद्ध्याला वऱ्हाडीत ऐकवायचे, आणि तो योद्धा चालवणारा कदाचित ब्राझीलमध्ये बसलेला असायचा. अश्फाक हसून हसून चुकायचा. "काकाजी, हसाओ मत, मेरा निशाना चूक रहा ना." आतून आई ओरडायची, "हळू बोला ना बाप्पा!" आणि मला वाटायचं, हे वाक्य तिनं किती दिवसांनी वापरायला काढलं. एकदा तिनं गोळाभाताच्या ताटल्या चौरंगावरच आणून ठेवल्या आणि बाबांनी डाव्या हातानं ढाल सांभाळत उजव्या हातानं भात कालवून खाल्ला. दरवाजा पडला नाही. हे सांगून मला शौर्याचा गौरव करायचा नाही. भात सांडला नाही एवढंच मला आठवतं.

मग पहिली सुधारणा आली. खेळ बनवणारी कंपनी समुद्रापलीकडे होती आणि दर काही आठवड्यांनी ती योद्ध्यांच्या ताकदीत फेरफार करायची. त्याला त्यांचा शब्द होता संतुलन. त्याबरोबर एक निवेदन यायचं, कोणाचं काय वाढवलं, कोणाचं काय कापलं, आणि का. मी पुढे ग्रंथालयात नोकरीला लागल्यावर अनेक आयोगांचे अहवाल हाताळले. पण इतक्या नम्र भाषेत इतकी कापाकापी कुठल्याच अहवालात पाहिली नाही. भिंत्याबद्दल लिहिलं होतं की दरवाजावर खेळ रेंगाळतो आणि नव्या खेळाडूंचा आनंद कमी होतो, तेव्हा त्याचा दम थोडा घटवत आहोत. बाबांना मी वाचून दाखवलं. "बरं," ते म्हणाले, आणि चार दिवसांत त्यांनी थांबा आणखी बारीक केला. दुसऱ्या सुधारणेत भिंत्याची चाल आणखी मंद झाली. अश्फाक खेळाच्या चर्चेच्या पानावर जाऊन शिव्या देऊन आला. तिथे हजारो लोक शिव्या देतच होते, प्रत्येकाचा कोणी ना कोणी लाडका कापला गेला होता, आणि कंपनीचा एक माणूस प्रत्येकाखाली लिहायचा की तुमची भावना आम्हाला मोलाची आहे.

"शिव्या कायले देऊन राहिले हे लोक?" बाबा म्हणाले. "शिव्यानं काम होत नसते. त्यायले माहीत नसन हे कसं चालते ते. सांगाले पायजे."

"बाबा, ते ऐकत नाहीत."

"आपन नीट सांगितलंच नाही तर कसे ऐकतीन? मागाच्या वेळीही आपन नीट लिहिलं नव्हतं."

मागाच्या वेळी म्हणजे सूत बंद झालं तेव्हा. संस्थेनं वर एक अर्ज पाठवला होता आणि त्याला उत्तर आलं नव्हतं. गल्लीतल्या बाकी सगळ्यांनी त्यातून सरकारबद्दल जो काढायचा तो निष्कर्ष काढला. बाबांनी काढलेला निष्कर्ष असा होता की अर्ज तोकडा झाला. इतकी वर्षं तो त्यांच्या मनात होता हे मला त्या दिवशी कळलं.

त्यामुळे ते गुलाबरावांकडे गेले. गुलाबराव विणकर संस्थेचे अध्यक्ष होते. संस्थेत विणकर उरले नव्हते, माग उरले नव्हते, सूत उरलं नव्हतं. अध्यक्ष उरले होते. खादीचा पांढरा कुडता, खिशाला दोन पेन आणि निवेदनाचं नाव काढताच चेहऱ्यावर येणारं तेज. खेळ, कंपनी, भिंत्या हे त्यांना काही कळलं नाही आणि त्यानं त्यांचं काही अडलंही नाही. परदेशी कंपनीला निवेदन द्यायचं आहे, एवढ्यावर ते खुर्चीतून उठले. "बरोबर आहे गा तुमचं," ते बाबांना म्हणाले. "अन्याय तो अन्याय. सभा घेऊ."

सभा आमच्याच पुढच्या खोलीत, खड्ड्याभोवती भरली. बाबा धरून नऊ जुने विणकर जमले, त्यांच्यापैकी आठ जणांनी संगणक पहिल्यांदाच जवळून पाहिला. आईनं पुडाच्या वड्या केल्या होत्या, त्यांतला सांबार म्हणजे कोथिंबीर खास बुधवारच्या बाजारातून आणलेली. गुलाबरावांनी पाच वड्या खाऊन प्रास्ताविक केलं आणि आणखी दोन खाऊन समारोप. मधला भाग माझ्याकडे होता, कारण गल्लीत इंग्रजी लिहिणारी मीच.

"काम कसं होते ते पूर्ण लिहिजो," गुलाबरावांनी मला बजावलं. "एकूनएक. आपले अर्ज असेच असतात. सायेबाले काम समजलं नाही तर तो कायले आपली बाजू घेईन?"

हे मात्र त्यांनी स्वतःच्या मनानं सांगितलं नव्हतं. आमच्या लोकांची ती रीतच होती. संस्थेच्या जुन्या अर्जांच्या प्रती मी पाहिल्या आहेत. सुताची मागणी असली तरी त्यात आधी ताण्याला किती तार, फणीला किती घरं, काठ कसा फिरतो, पाय कसा पडतो हे सगळं तपशिलानं लिहिलेलं असायचं. आपलं काम समोरच्याला नीट समजलं की तो आपल्या बाजूनं होईल, यावर त्या लोकांचा माझ्या समजुतीच्या पलीकडचा विश्वास होता.

मी लिहिलं. तीन दिवस लिहीत होते. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसत, करून दाखवत, मी मोजून लिहून घेत असे. घाव पडला की पहिला पाय. मग थांबा. तो थांबा किती, हे सांगायला शब्द सापडेना तर बाबा म्हणाले, "लिही, उजवा पाय उचलला आन टेकला नाही, तेवढा." मी तेही लिहिलं आणि वर सेकंदाच्या भागात उतरवून दिलं. या तालानं ढाल उचलल्यास दम खर्च होत नाही. ही कला हातमागावरच्या वीस वर्षांच्या कामातून आलेली आहे. कृपया भिंत्याचा दम आणि चाल पूर्ववत करावी. विषय, संदर्भ, आपले विश्वासू. मराठी आणि खाली इंग्रजी. खाली दहा सह्या, त्यांतले दोन अंगठे. ई-मेलनं पाठवलंच, पण ई-मेलची पोच मिळत नाही म्हणून बाबांनी रजिस्टर पोस्टानंही पाठवलं. मी सतरा वर्षांची होते, पुस्तकं खूप वाचलेली होती आणि त्या इंग्रजीचा मला गर्व होता. आजही सांगते, माझं ते सर्वांत परिणामकारक लेखन. त्यानंतर मी जे काही लिहिलं त्यानं जगात केसभरही फरक पडलेला नाही.

दहा दिवसांनी उत्तर आलं. आपल्या विस्तृत पत्राबद्दल मनःपूर्वक आभारी आहोत, ते आम्ही संबंधित चमूकडे दिलं आहे. अश्फाकला मी ते वाचून दाखवलं. "तूने उनको पूरा तरीका लिख के दिया?" त्यानं विचारलं.

"हो."

"ताल वाली बात भी?"

"तोच तर मुद्दा होता."

"अरे यार," एवढंच तो म्हणाला. त्याच्या मागे लूम खडखडत राहिले. त्याला तेव्हाच कळलं होतं. मला कळलं नव्हतं, की कळलं होतं आणि इंग्रजीच्या आनंदात मी तिकडे पाहिलं नाही, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही.

बाबांनी उत्तराची छापील प्रत मागून घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि दवाखान्यात नेली. लिफ्टमध्ये कुणाला दाखवली असेल का ते माहीत नाही. घरी आल्यावर म्हणाले, "पाय, उत्तर आलं. नीट लिहिलं की येते."

तिसरी सुधारणा एका शुक्रवारी आली. मी ती बाबा यायच्या आधी वाचली. भिंत्याबद्दल तीनच ओळी होत्या. घाव बसल्यानंतर विशिष्ट तालात ढाल उचलल्यास दम खर्च होत नसल्याचं निदर्शनास आलं. ही खेळातली अनवधानानं राहिलेली चूक होती व ती दुरुस्त करण्यात आली आहे. ती शोधून इतक्या तपशिलानं कळवल्याबद्दल नागपूरच्या आमच्या खेळाडूंचे विशेष आभार.

दम आणि चाल यांच्याबद्दल काही नव्हतं.

मी बाबांना सांगितलं नाही. पाच वाजले, त्यांनी पाय धुतले, फळ्या काढल्या, बसले. मी शेजारी बसले आणि समोर पाहत राहिले. पहिला घाव आला, पाय पडले, ढाल खाली, ढाल वर, सगळं जागच्या जागी. चौथ्या घावाला भिंत्या कोसळला. बाबांनी मान वळवून खड्ड्यात पाहिलं, जणू पावडी सुटली असावी. भिंत्या पुन्हा उभा राहिला, पुन्हा चौथ्याला कोसळला. समोरच्यांपैकी कुणीतरी इंग्रजीत हसल्याचं चिन्ह पाठवलं. अश्फाकचा आवाज आला, "काकाजी, नेट का लफडा होगा. आज सब तरफ स्लो है." नेट उत्तम चाललं होतं. बाबांनी थांबा लांब करून पाहिला, आखूड करून पाहिला, उजव्या पायानं सुरुवात करून पाहिली. सातपर्यंत ते पाहत राहिले. आईनं मालिका लावली नाही. ती दारात उभी होती आणि मला वाटत होतं, कुणीतरी ओरडून हळू बोला म्हणावं, पण बोलत कुणीच नव्हतं.

शेवटी मी वाचून दाखवलं. तिन्ही ओळी, मराठीत.

"चूक होती म्हनते?" बाबांनी विचारलं.

"हो."

"म्हनजे इतके दिवस मी करून राहिलो होतो ते चुकीनं चालत होतं?"

"तसं नाही बाबा. त्यांना ते…"

"तू बरोबर लिहिलं होतं ना वं?"

"बरोबर लिहिलं होतं."

"हाव," ते म्हणाले. "लय बरोबर लिहिलं." आणि त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी त्याला धरून रडले असते, भांडले असते. त्यांनी माझ्या लिखाणाला खरोखर दाद दिली होती.

पुढच्या मंगळवारी चौकात फ्लेक्स लागला. गुलाबरावांच्या नातवानं त्यांना त्या आभाराची ओळ दाखवली होती, फक्त तेवढीच. 'विदेशी कंपनीने घेतली तांडापेठेच्या निवेदनाची दखल! हार्दिक अभिनंदन!' वर गुलाबराव नमस्कार करताना, मोठे. खाली गोल चौकटींत नऊ विणकर, छोटे. बाबांचा फोटो मतदार ओळखपत्रावरचा होता, त्यामुळे त्या आनंदसोहळ्यात एकटेच ते भेदरलेले दिसत होते. कोपऱ्यात ढाल म्हणून कुठल्याशा पतपेढीचं बोधचिन्ह उलटं करून घातलं होतं. गुलाबराव पेढे घेऊन घरी आले. "पाह्यलं का गा?" ते बाबांना म्हणाले. "साता समुद्रापार दखल घेतली. सुताच्या वेळी नाई जमलं ते आता जमलं." बाबांनी पेढा घेतला, खाल्ला, आणि म्हणाले, "हो, दखल घेतली." दोन महिने ते रोज त्या फ्लेक्सखालून बसथांब्यावर गेले आणि आले. मग वाऱ्यानं तो फाटला, आणि कुणीतरी त्याचा आपल्या स्कूटरसाठी आडोसा केला. बाबांची चौकट चाकाच्या बाजूला आली होती.

अश्फाकनं मला बरेच दिवस समजावलं की दुसरा योद्धा घ्यायला सांग, काकाजी वो भी सीख जाएंगे. मी एकदा विचारलं. बाबा म्हणाले, "पाहू." मी वर्षभर एकटी खेळले, उडणारा योद्धा घेऊन, आणि जिंकतही होते. पुढच्या सुधारणांत तोही कापला. आणखी काही वर्षांनी कंपनीनं खेळच बंद केला, तेव्हा उडणारे, अदृश्य होणारे, विजेचे आणि ढालीचे सगळे एका दिवशी सारखे झाले. संतुलन म्हणतात ते हेच असावं. आता मी चाळिशीला टेकले आहे. ग्रंथालयात माझ्या टेबलावर सूचना, परिपत्रकं, सुधारित परिपत्रकं येतात आणि मी ती नोंदवून घेते. त्यांना उत्तर लिहीत नाही. फार तपशिलानं तर मुळीच नाही.

खड्ड्याचं सांगायचं राहिलं. त्याच हिवाळ्यात गल्लीतला एक ट्रकवाला कोराडीच्या वीजघराची राख भरणीसाठी कुठंतरी नेत होता, त्याच्याकडून बाबांनी काही पोती दारात उतरवून घेतली. रविवार होता. त्यांनी फळ्या काढून अंगणात ठेवल्या आणि पोतं ओढत आणलं. इतकी वर्षं दिवाण दिवाण करणारी आई म्हणाली, "राहू द्या ना. असा काय अडून राहिला तो?" बाबांनी पोतं खड्ड्यात उलटं केलं. राख पडताना आवाज झाला नाही, नुसती करडी धूळ उठली आणि संगणकावर, देवाच्या तसबिरीवर, आमच्या केसांवर बसली. चार पोती गेल्यावर बाबा खड्ड्यात उतरले आणि राख तुडवू लागले. मी झाडू घेऊन काठावर उभी होते. डावा, उजवा, मध्ये किंचित थांबा. डावा, उजवा. पायाखालची राख प्रत्येक वेळी थोडी खाली बसत होती, वर नवं पोतं रिकामं होत होतं आणि बाबा थोडे थोडे वर येत होते, काठ आधी गुडघ्याला, मग घोट्याला, शेवटी ते आमच्याबरोबर जमिनीवर उभे होते. मी त्यांच्या पायांकडे पाहतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"राख नीट बसली पायजे," ते म्हणाले, "नाई तं फरशी खचते."

फरशी खचली नाही. अजून तशीच सपाट आहे. वर दिवाण आहे, आणि बाबा दुपारी त्यावर बसतात तेव्हा त्यांचे पाय जमिनीला नीट टेकतात.